कोर्टाची पायरी आणि लोकांच्या म्हणी

स्पेनमध्ये एक शाप प्रसिद्ध आहे. तो तिथल्या जिप्सींचा मानला जातो. 'तुझ्यामागे कोर्टकज्जे लागोत,' एवढ्यावर तो थांबत नाही. 'आणि ते तू जिंकोस,' असे शेपूट त्याला जोडलेले आहे. कज्जा हरणाऱ्याचे काय होते ते गावाला दिसते. जिंकणाऱ्याचे काय होते ते त्याच्या घरच्यांनाच ठाऊक: तारखांवर तारखा, मुद्रांक, नकला, वकिलाची फी, साक्षीदारांचे चहापाणी, आणि एवढे करून हाती पडलेला हुकूमनामा बजावून घेण्यासाठी पुन्हा दरखास्त. शाप देणाऱ्याने यातले बरेच काही पाहिलेले असावे.

मराठीला हेच सांगायला शापाची गरज पडली नाही. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला पुरला. फ्रेंच माणूस म्हणतो, चांगल्या खटल्यापेक्षा वाईट तडजोड परवडली. जर्मन आणि इटालियन म्हणींत या दोघांना अंगकाठीही मिळाली आहे: तडजोड रोडकी, खटला गुबगुबीत, आणि तरी रोडकीच बरी. चिनी म्हण सगळ्यांत टोकाची. उपाशी मरा पण चोरी करू नका, अन्याय सोसत मरा पण फिर्याद लावू नका, असे ती एका दमात सांगते. चोरी आणि फिर्याद एकाच पंक्तीला!

पळसाला पाने तीनच म्हणून इथे थांबता येईल. म्हणींवरची बरीच व्याख्याने इथेच थांबतात, कारण देशोदेशीच्या म्हणींची माळ ओवणे सोपे असते आणि ती ऐकायलाही गोड लागते. पण माळेत एक प्रश्न झाकला जातो. ही म्हण कोणी, कुठे उभे राहून म्हटली? न्यायसभेच्या आत बसून, की बाहेर पायरीवर ताटकळत? प्रस्तुत वक्त्याचे म्हणणे असे, की म्हण जोवर आत होती तोवर ती युक्तिवाद होती, कधी कधी तर कायदाच होती. न्याय लोकांच्या हातून निसटून दूरच्या कचेरीत गेला, तसा तिचा टोमणा झाला.

आधी आतल्या म्हणी पाहू.

नायजेरियाच्या आग्नेय भागातले अनांग लोक बोलण्याच्या चातुर्यासाठी आसपास नावाजलेले. त्यांच्या न्यायसभांत म्हणी कशा वापरल्या जातात यावर जॉन मेसेंजर या मानवशास्त्रज्ञाने १९५९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला एक खटला चोरीचा आहे. आरोपी सराईत म्हणून बदनाम. फिर्यादी उठला आणि त्याने सभेपुढे म्हण टाकली: तेलताडाच्या घडातून फळे ओढणारे कुत्रे साळिंदराला भीत नाही. तेलताडाचा घड काटेरी असतो. तिथे तोंड घालून झालेल्याला साळिंदराच्या काट्यांचे काय वाटणार? एका वाक्यात आरोपीचा सगळा पूर्वेतिहास न्यायाधीशांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला आणि सभा त्याच्यावर उलटू लागली. मग आरोपीने आपली म्हण काढली: एकटा तितर झाडीतून गेला तर मागे वाट उमटत नाही. थवा गेला तर गवत तुडवले जाते, वाट दिसते; मी एकटा, माझ्या बाजूने बोलणारे कोणी नाही, म्हणून माझे म्हणणे खोटे धरू नका. तो सुटला.

आपल्याकडच्या फौजदारी न्यायालयात फिर्यादीची ती म्हण टिकली नसती. आरोपीचे पूर्वीचे वाईट चारित्र्य पुरावा म्हणून सहसा चालत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ५४व्या कलमात सांगितलेले होते. बचावाचा वकील कुत्र्याचे नाव निघताच हरकत घेऊन उभा राहिला असता. म्हणजे अनांगांची न्यायसभा काही आदर्श नव्हती. पण तिथे फिर्यादी आणि आरोपी दोघेही ज्या भाषेत भांडले, ती न्यायाधीशांचीही भाषा होती. मध्ये कोणी दुभाषा नव्हता आणि समोर स्टॅम्पाचा कागदही नव्हता.

युरोपातही एके काळी असे होते. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात आयके फॉन रेपगो याने सॅक्सनीतला रूढ कायदा जर्मनमध्ये लिहून काढला. गिरणीवर जो आधी पोचेल त्याचे आधी दळले जावे, हा त्यातला एक नियम. आज जर्मन माणूस बसच्या रांगेतही हे वाक्य वापरतो, आणि तो एका जुन्या कायद्याचे कलम म्हणतो आहे हे त्याच्या गावीही नसते. फिर्यादी नाही तिथे न्यायाधीश नाही, ही जर्मन म्हण तर आजच्या वकिलालाही खोडता येणार नाही. एकाचे बोलणे म्हणजे अर्धेच बोलणे, दोघांचेही ऐकावे, हे वचन तिथल्या नगरसभागृहांत कोरून ठेवत. फ्रँकफुर्टच्या जुन्या नगरगृहातही ते आहे. अशी हजारो कायदेविषयक वचने ग्राफ आणि डीटहेर या दोघांनी १८६४ साली एका ग्रंथात गोळा केली. फ्रान्समध्ये हे काम आंत्वान ल्वाझेल या वकिलाने दोन-अडीच शतके आधी, १६०७ मध्ये केले होते. बैल शिंगांना बांधतात, माणसे शब्दाला बांधली जातात, हे त्याने टिपलेले एक वचन. करारकायद्याचे पुस्तक उघडण्याआधी विद्यार्थ्याला एवढे समजले तरी पुष्कळ झाले.

आता बाहेरच्या म्हणी.

रशियात व्लादिमीर दाल याने तीस हजारांवर म्हणी जमवल्या. त्यांचा संग्रह १८६२ मध्ये बाहेर पडला. कायदा म्हणजे गाडीची दांडी, वळवाल तिकडे वळेल, अशी एक रशियन म्हण आहे. खटल्याला भिऊ नकोस, न्यायाधीशाला भी, अशी दुसरी. आणि 'शेम्याकाचा न्याय' हा वाक्प्रचार तर सतराव्या शतकातल्या एका कथेमुळे घरोघर पोचला. ती कथा मुळातून सांगण्यासारखी आहे.

एका गरिबाने श्रीमंत भावाकडून घोडा मागून आणला. भावाने जोखड दिले नाही, म्हणून याने घसरगाडी घोड्याच्या शेपटीलाच बांधली. फाटकातून जाताना शेपटी तुटली. भाऊ फिर्याद घेऊन निघाला, हाही मागोमाग. वाटेत पुरोहिताच्या घरी मुक्काम पडला, तर हा झोपायच्या माळ्यावरून पाळण्यात पडला आणि पुरोहिताचे तान्हे मूल दगावले. आता फिर्यादी दोन झाले. शहराच्या पुलावरून जीव द्यावा म्हणून याने उडी टाकली, तो खाली एका म्हाताऱ्याच्या अंगावर. म्हातारा मेला, हा वाचला. त्या म्हाताऱ्याचा मुलगा तिसरा फिर्यादी. न्यायाधीश शेम्याकापुढे उभे राहताना गरिबाजवळ फडक्यात बांधलेला एक धोंडा होता. प्रत्येक फिर्यादीच्या वेळी तो ते गाठोडे न्यायाधीशाला दाखवी. शेम्याकाला वाटले, थैली जड दिसते. त्याने निकाल दिले. शेपटी पुन्हा उगवेपर्यंत घोडा गरिबाकडे राहावा. पुरोहिताच्या बायकोने नवे मूल होईपर्यंत गरिबाकडे राहावे. म्हाताऱ्याच्या मुलाने पुलावरून या गरिबावर उडी मारावी. तिन्ही फिर्यादींनी घाईघाईने पैसे देऊन गरिबाशी तडजोड केली. मग न्यायाधीशाचा माणूस थैली मागायला आला, तेव्हा गरीब म्हणाला, थैली कसली, निकाल उलटा गेला असता तर हा धोंडा त्याच्या डोक्यात घालणार होतो. हे ऐकून शेम्याकाने देवाचे आभार मानले, की बरा निकाल दिला.

ही नुसती लाचखोरीची गोष्ट नाही. यात गरीब जिंकतो, पण न्यायाने नव्हे. न्यायाधीश वाचतो, पण सचोटीमुळे नव्हे. ऐकणाऱ्याला हसू येते, आणि हसता हसता त्याने कचेरीवरची आशा सोडलेली असते. दालचा संग्रह आला तेव्हा रशियात खटले बंद दाराआड आणि कागदोपत्री चालत. उघडी न्यायालये, ज्युरी आणि वकिलांची संघटित सनद हे सगळे १८६४ च्या सुधारणांनी आले.

चीनमधल्या म्हणीत कचेरीचे दारच आहे. कचेरीची दारे आठाच्या अक्षरासारखी सताड उघडी असतात, पण बाजू खरी आणि खिसा रिकामा असेल तर आत पाऊल टाकू नका. चिनी लिपीतला आठ म्हणजे दोन्हीकडे फाकलेल्या दोन रेघा, अगदी उघड्या दारासारख्या. त्या दाराआडचे कारकून आणि शिपाई मुख्यतः पक्षकारांकडून उकळलेल्या दस्तुरीवर जगत, त्यामुळे म्हणीत अतिशयोक्ती फारशी नाही. एक शब्द कचेरीत गेला की नऊ बैलांनीही ओढून निघत नाही, अशी तिची जोडीदार म्हण. याच लोकांनी सोंग काळातल्या बाओ झेंग या न्यायाधीशाला मात्र नाटकांतून जवळपास देवपण दिले. नऊशे नव्व्याण्णव ते एक हजार बासष्ट या काळातला हा माणूस रंगभूमीवर काळ्या रंगाच्या चेहऱ्याने उभा राहतो आणि राजाच्या जावयालाही सोडत नाही. संस्थेवर विश्वास नसला की एखाद्या माणसावर तो असा ओतला जातो. आपल्याकडच्या रामशास्त्री प्रभुण्यांच्या लोकप्रियतेतही हा धागा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, शास्त्र्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि पद सोडले. तो खटला पुढे कसा चालला हे फार थोड्यांना सांगता येईल, पण रामशास्त्री बाणा सर्वांना माहीत असतो.

हैतीच्या क्रिओल म्हणी याहून थेट आहेत. कोंबडीपुढे झुरळाची बाजू कधीच खरी ठरत नाही. आणि दुसरी: राज्यघटना कागदाची, संगीन लोखंडाची. १८०४ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाने वीसहून अधिक राज्यघटना पाहिल्या. बहुसंख्य लोक क्रिओल बोलत असताना कायदा फ्रेंचमध्ये राहिला. क्रिओलला राजभाषेचा दर्जा मिळायला १९८७ साल उजाडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या व्हरांड्यात आपल्याच खटल्यात आत काय चालले आहे हे वकिलाला विचारणारा कोकणातला किंवा विदर्भातला पक्षकार ज्याने पाहिला आहे, त्याला हैती फार लांब वाटणार नाही.

महाराष्ट्रातही ही वाट आतून बाहेर गेली. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचे, हद्दीचे, वडीलकीचे तंटे गोतसभेपुढे येत. पाटील, कुलकर्णी, देशमुख, बलुतेदार जमत, निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि त्यावर कुणब्याचा नांगर, सुतार-लोहारांची हत्यारे अशा निशाण्या पडत. ज्याला लिहिता येत नाही त्याचाही न्यायाच्या कागदावर हात लागत असे. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण या जगातली. पुरावा संपला की दिव्य होतेच: उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढायचा, हात बांधून मोहोर करायची, काही दिवसांनी फोड पाहायचे. तेव्हा त्या काळाचे फार गोडवे गायला नकोत.

१८१८ मध्ये पेशवाई गेली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायतींवर सविस्तर लिहिले, त्या टिकाव्यात असेही सुचवले. पण १८२७ ची विनियमावली आली, दिवाणी अदालती आल्या आणि पंचायत हळूहळू कडेला सरली. पायरी चढण्याची म्हण या नव्या कोर्टांनंतरचीच असणार. आणि तिची खरी कसोटी १८७५ मध्ये लागली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यांची मुदत तीन वर्षांवर आणली होती. हेतू कुणब्याला वाचवण्याचा. सावकाराने दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. अंगठा उठवणाऱ्याला आकडा वाचता येत नव्हता. दावा लागला की कुणबी कोर्टात जातच नसे. तालुक्याचा गाव लांब, कामाचे दिवस, वकिलाला पैसे नाहीत, आणि शहाण्याने पायरी चढू नये हे तर त्याने लहानपणापासून ऐकलेले. मग निकाल एकतर्फी. म्हण पाळली म्हणून जमीन गेली, असे शेकडो घरांत झाले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा पेटला, तेव्हा लोकांनी सावकारांच्या जिवापेक्षा त्यांच्या दप्तरांवर हात टाकला. रोखे आणि हुकूमनामे शोधून शोधून जाळले. आयोग बसला, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी मदत कायद्याने न्यायालयाला रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. त्याच दशकात पुण्यात सार्वजनिक काकांनी लवाद कोर्टाचा उद्योग केला होता. काका स्वतः वकील. वासुदेव बळवंत फडक्यांच्या खटल्यातही बचावाला तेच उभे राहिले. कोर्टाबाहेर तंटे मिटावेत म्हणून वकिलाने खटपट करावी, हे म्हणींत बसणारे नाही.

म्हणींना वकिलांत असे काही दिसत नाही. चांगला वकील, वाईट शेजारी, असे फ्रेंच म्हण सांगते. वकिलांचा संरक्षक संत ईव्ह हा ब्रिटनीचा. १३०३ मध्ये वारला, १३४७ मध्ये त्याला संतपद मिळाले. तो वकील असूनही चोर नव्हता याचे लोकांना नवल वाटले, अशा आशयाचे एक लॅटिन वचन त्याच्यामागे चिकटले आहे. त्रेगिए गावात मे महिन्यातल्या त्याच्या उत्सवाला आजही देशोदेशीचे वकील झगे घालून मिरवणुकीने जातात. थट्टा पचवण्याची ही ताकद कौतुकाची आहे. या सभागृहातल्या वकील मंडळींनीही ती दाखवावी. इंग्रजीतली म्हण वकिलांच्या बाजूची: स्वतःचा खटला स्वतः चालवणाऱ्याचा अशील मूर्ख असतो. जुलै १९०८ मध्ये मुंबईत टिळकांनी राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःच भाषण केले, ते कित्येक तास चालले. ज्युरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला, सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडाले झाले. म्हणीच्या हिशेबाने ते हरले. पण त्याच न्यायालयाने १९५६ मध्ये त्या दालनाबाहेर त्यांच्या उद्गारांची पाटी लावली. टिळकांना नुसते आरोपातून सुटायचे नव्हते, बोलायचे होते, आणि बोलायला कोर्टासारखी जागा नव्हती.

मालमत्तेच्या म्हणी अधिक रोकड्या. 'ज्याच्या हाती ससा तो पारधी', आणि तलाठ्याच्या चावडीवर ऐकू येणारे हिंदी वाक्य, 'झगडा झूटा, कब्जा सच्चा'. इंग्रजी म्हण ताब्याला कायद्याचे दहापैकी नऊ हिस्से देऊन टाकते. कायदा इतका उदार नाही, पण फार लांबही नाही. ज्याच्या ताब्यात वस्तू त्याचीच ती, असे गृहीत धरून उलट सिद्ध करण्याचा भार दुसऱ्यावर टाकला जातो. बारा वर्षे उघड, विरोधी कब्जा राहिला तर मूळ मालकाचा दावा मुदतबाह्य होतो. उलट, कोणी जबरीने हुसकावले तर मालकी सिद्ध न करताही सहा महिन्यांत ताबा परत मागता येतो. म्हणजे ससा हिसकावून पारधी होता येत नाही. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेने तर म्हणीसारखाच प्रवास उलट्या दिशेने केला. सभेतले वाक्य कायद्यात गेले आणि १ एप्रिल १९५७ रोजी कृषक दिनाला हजारो कुळे कागदावर मालक झाली.

इतके सगळे सांगूनही माणसे पायरी चढतातच. गिनेसच्या जुन्या आवृत्त्यांत पुण्याच्या थोरात घराण्याच्या एका दाव्याची नोंद आहे: सुरुवात १२०५, निकाल २८ एप्रिल १९६६. ही नोंद किती काटेकोर ते इतिहासकारांनी पाहावे. दावा कशाचा होता, तर उत्सवातल्या अग्रमानाचा. मानपानासाठी साडेसातशे वर्षे! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण जणू याच दाव्यासाठी झाली.

पंचायत परत आणावी, असे मग कोणाला वाटते. त्यांनी जातपंचायतींकडे पाहावे. पाच मुखे एकाच जातीची, सगळी पुरुषांची, आणि समोर आंतरजातीय लग्न केलेली मुलगी उभी असली, की परमेश्वर कोणाच्या मुखाने बोलतो ते महाराष्ट्राने खूप पाहिले. वाळीत टाकलेल्या कुटुंबांना शेवटी पायरीच चढावी लागली. त्यांच्यासाठी राज्याने २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. तो २०१७ मध्ये अमलात आला. दूरची कचेरी परकी असते खरी, पण जवळच्या चावडीने गळा धरला की ते परकेपणच आधाराला येते. हे सांगणारी म्हण मराठीत सापडत नाही. म्हणी गावाने केल्या, वाळीत पडलेल्याने नाही.

आज देशातल्या न्यायालयांत पाच कोटींहून अधिक खटले पडून आहेत. रोडकी तडजोड आता सरकारी धोरण झाली आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतीच्या निवाड्याला हुकूमनाम्याचा दर्जा दिला, त्यावर अपील ठेवले नाही आणि भरलेली कोर्ट फी परत मिळण्याची सोय केली. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम चालवली. दोन्हींनी असंख्य क्षुल्लक भांडणे मिटवली, यात शंका नाही. पण तडजोडीच्या टेबलावर दोघे सारखे बसत नाहीत. अपघातात कर्ता माणूस गेलेली बाई विमा कंपनीच्या वकिलासमोर बसते, तेव्हा कंपनीला आणखी चार वर्षे थांबणे जड नसते. बाईला मुलांची फी या जूनमध्ये भरायची असते. तिथे झुरळ आणि कोंबडीची म्हण अधिक खरी ठरते. लोकअदालतींनीही कधी कधी आपली मर्यादा ओलांडली. पंजाबातल्या अशाच एका अपघाताच्या दाव्यात पक्षांची संमती न घेता लोकअदालतीने भरपाईची रक्कम आपणच ठरवली. जालौर सिंग खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की लोकअदालतीला निवाडा करण्याचा अधिकार नाही. दोन्ही पक्षांनी आपखुशीने केलेली तडजोड नोंदवणे एवढेच तिचे काम, आणि तडजोड जमली नाही तर प्रकरण परत न्यायालयाकडे गेले पाहिजे.